एलीचे घर व शमुवेलाचा कान
मुलांस देवाचा व मनुष्यांचा मान राखावयास शिकविण्याविषयी

शास्त्रपाठ : १ शमुवेल २:११ ते ३:२१.
जोडवाचन : अनुवाद ६:४-९, मार्क ७:९-१३, इफिस ६:१-४, याकोब ३:९-१०.
पाठाचा हेतू : देवाचा मान व मनुष्याचा मान ही दोन निरनिराळी शिकवणे नसून एकच आहे, आणि ते मुलांस घराच्या वहिवाटीतून मिळते, हे आईबापांच्या व शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या लक्षात आणून देणे.



कऱ्हेच्या व नीरेच्या काठच्या मंडळ्यांतून फिरताना आईबापांच्या तोंडून एक तक्रार आम्हांस वारंवार ऐकू येते. "मुले शाळेत जातात, वाचतात, लिहितात, परंतु मान म्हणून कोणाचा ठेवीत नाहीत. प्रार्थनेस बसवावे तर चुळबुळ करतात आणि म्हाताऱ्या माणसास उलट उत्तर देतात." ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्यावर जो उपाय बहुधा सुचविला जातो, म्हणजे छडी, त्याचा विचार करण्यापूर्वी शास्त्रातील एका घराकडे पाहावे. त्या घरी एकाच छपराखाली, एकाच वृद्ध याजकाच्या देखरेखीत, दोन तऱ्हेची मुले वाढली. एका तऱ्हेच्या मुलांनी ते घर बुडविले, आणि दुसरे मूल इस्राएलाचा संदेष्टा झाले. हा भेद कशाने झाला, हाच आजचा धडा आहे.

१. मान म्हणजे काय?

जुन्या कराराच्या इब्री भाषेत मान देणे ह्या अर्थी जो शब्द येतो त्याचे मूळ 'जड असणे, वजन असणे' असे आहे. दहा आज्ञांमध्ये आईबापांविषयी जी आज्ञा आहे (निर्गम २०:१२) तिच्यात हाच शब्द आहे. आणि एलीकडे पाठविलेल्या निरोपात देव आपल्या मानाविषयी बोलतो (१ शमुवेल २:३०) तेथेही तोच आहे. त्याच वचनाच्या शेवटी देवास तुच्छ मानणाऱ्यांचे काय होईल हे सांगताना जो शब्द येतो त्याचा मूळ अर्थ 'हलके होणे' असा आहे. आपली मराठीही ह्याच रीतीने बोलते. अमक्याच्या शब्दाला वजन आहे असे आपण म्हणतो, आणि कोणी अपमान केला तर त्याने मला हलके लेखले असे म्हणतो. तेव्हा मान देणे म्हणजे समोरच्याचे खरे वजन ओळखणे व त्याप्रमाणे वागणे होय. देवाचे वजन देवाइतके, आईबापांचे आईबापांइतके; आणि देवाच्या प्रतिरूपाचा असा एकही मनुष्य नाही की ज्याला वजनच नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांच्या आज्या-पणज्यांनी वेशीबाहेरचे दिवस काढले आहेत. चावडीपुढे लांब उभे राहून जोहार करावा, पायरीखाली बसावे, तहान लागली तर वरून ओतलेले पाणी ओंजळीत घ्यावे, अशी त्यांची रीत होती. २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले व त्याच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गाव वतनेही रद्द झाली. तरी घरातील आठवण कायद्याने पुसली जात नाही. म्हणून काही आईबाप म्हणतात, "आमच्या वडिलांनी पुष्कळ वाकून घेतले, आमच्या पोरांनी आता कोणापुढे वाकू नये." ह्या बोलण्यातील दुःख आम्ही जाणतो. परंतु विचार करा : त्या वडिलांनी जे दिले तो मान नव्हता, ते त्यांजकडून बळाने घेतले गेले. लाचारी भयाने येते, आणि भय गेले की ती उलटून उद्धटपणा होते. मान हा मोकळ्या मनुष्याने स्वखुशीने द्यावयाचा असतो. ज्याची स्वतःची पाठ ताठ आहे, जो देवाचे लेकरू आहे हे ज्यास ठाऊक आहे, तोच दुसऱ्यास खरा मान देऊ शकतो. आपल्या मुलांस लाचारी शिकवावयाची नाही आणि उद्धटपणाही शिकवावयाचा नाही.

२. एलीच्या घरात काय बिघडले?

एली दुष्ट मनुष्य नव्हता. हन्ना मंदिरात मुक्याने ओठ हालवून प्रार्थना करीत असता प्रथम त्याचा गैरसमज झाला, परंतु खरे कळताच त्याने तिला आशीर्वाद दिला. शमुवेलास त्याने प्रेमाने वाढविले. मग त्याचे पुत्र हफनी व फिनहास असे का झाले? शास्त्र दोन गोष्टी सांगते.

पहिली ही की, मांस शिजत असता त्यांचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येई व भांड्यात खुपसून जे निघेल ते नेई. इतकेच नव्हे, तर देवाचा भाग वेदीवर जळण्यापूर्वीच कच्चे मांस मागे, आणि दिले नाही तर जबरदस्तीने घेईन म्हणून धमकावी (२:१३-१६). ह्यात देवाचा अपमान झाला हे उघड आहे. परंतु तो अपमान सोसावा कोणाला लागला ते पाहा. दूर गावाहून आपले एक जनावर घेऊन आलेल्या गरीब कुणब्याला! ज्यांनी देवाला हलके लेखले त्यांनी त्याच काट्याने शेजाऱ्यालाही लुबाडले. देवाचा मान एका वाटेने गेला आणि मनुष्याचा मान राहिला, असे कोठेच घडत नाही.

दुसरी गोष्ट एलीच्या बोलण्याविषयीची आहे. तो बोलला खरा, परंतु सर्व इस्राएलात बोभाटा झाल्यावर, आपण म्हातारा झाल्यावर, पुत्र मोठे व जबरदस्त झाल्यावर (२:२२-२५). देवाने त्याला जो दोष लावला तो शब्द कमी पडल्याचा नव्हता. पुत्रांस त्याने आवरले नाही हा होता (३:१३), आणि त्याने देवापेक्षा पुत्रांचा मान अधिक राखला हा होता (२:२९). हे शेवटचे आईबापांनी नीट ऐकावे. मुलांचे लाड करणे हे प्रेम आहे असे आपल्याला वाटते. शास्त्र त्याला मुलाला देवाच्या जागी बसविणे म्हणते. उपासनेच्या वेळी मूल रडून हट्ट धरते म्हणून आईबाप घरीच राहतात, मूल शेजाऱ्याच्या परसातील पेरू तोडून आणते आणि घरचे हसून खातात; हफनीचा काटा पहिल्या प्रथम अशाच लहान भांड्यात खुपसलेला असतो.

३. शमुवेलाचा कान

आता त्याच घरातील दुसरे मूल पाहा. हन्नेने त्याला दूध तुटल्यावर शिलोस आणून सोडले, आणि दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेत असे (२:१९). मूल वाढते म्हणून झगा दर वर्षी थोडा मोठा. दूर राहिलेल्या आईचे शिकविणे असे हातांच्या कामातून चाले. बोर्डिंगात मुले ठेवणाऱ्या आयांनी हे वचन मनात ठेवावे.

मग ती रात्र आली. एलीची दृष्टी मंद झाली होती. हाक ऐकू आली, आणि शमुवेल उठून धावत एलीकडे गेला. एली म्हणाला, मी हाक मारली नाही. असे तीन वेळा झाले. आपण शब्बाथशाळेत हा भाग सांगताना बहुधा असे म्हणतो की, मुलाला देवाचा शब्द ओळखू आला नाही. ते खरेच आहे. परंतु ह्या धड्याचा गाभा आम्हांस दुसरीकडे दिसतो. रात्रीच्या वेळी, ऊबेतून उठून, एका अंधुक नजरेच्या म्हाताऱ्याच्या हाकेला तीन वेळा धावणारे मूलच देवाची हाक ऐकावयास जागे होते. "ह्या म्हाताऱ्याला काही कळत नाही, उगाच हाका मारतो," असे म्हणून ज्याने दुसऱ्या वेळी कूस बदलली असती, त्याला चौथ्या वेळी देवाला उत्तर देता आले नसते. मनुष्याचा मान राखण्याच्या सवयीने त्याचा कान तयार झाला, आणि त्या कानावर देवाचा शब्द पडला.

आणि एलीनेही येथे एक मोठी गोष्ट केली. सकाळी त्याने त्या मुलापाशी विचारणा केली, त्याच्या तोंडून आपल्याच घराचा नाश ऐकला, आणि पोरकट बोलणे म्हणून ते झिडकारले नाही (३:१७-१८). ज्या वडिलाने लहान मुलाच्या खऱ्या शब्दाला वजन दिले, त्याने त्या मुलाला खरे बोलण्याचे धैर्य दिले. आपल्या सर्व चुका असूनही एलीकडून हे शिकण्यासारखे आहे.

४. घरात देवाचा मान

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांस शिकविण्याची वेळ सांगितली आहे : घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना. ह्यात शाळेचा तास सांगितलेला नाही. मूल दिवसभर जे पाहते तीच त्याची पाठशाळा.

देवाचे नाव आपल्या घरात कसे घेतले जाते? बाजारात दोन रुपयांसाठी "देवाशपथ" म्हणणारा बाप संध्याकाळी त्याच तोंडाने प्रार्थना करतो, तेव्हा मूल दोन्ही ऐकते व दोन्हींचे वजन एकच ठरविते. सावकाराचा मनुष्य दारात आला असता "बाबा घरी नाहीत म्हणून सांग," असे मुलास सांगितले, तर खरे बोलण्याविषयीचे वर्षभराचे धडे त्या एका वाक्याने पुसून जातात. आणि हा केवळ खोटे बोलण्याचा दोष नव्हे. देव पाहतो ह्या गोष्टीला काही वजन नाही, असे आपण त्याला शिकविले.

उलट, लहान वहिवाटींचेही सामर्थ्य मोठे आहे. भाकरी करताना आई प्रथम मूठभर पीठ किंवा धान्य प्रभूसाठी बाजूला काढते, हे मूल चुलीपाशी बसून पाहते. हफनीने देवाच्या आधी आपला वाटा घेतला. ही आई आपल्या आधी देवाचा काढते. शास्त्राचे पुस्तक फळीवर स्वच्छ फडक्यात ठेवलेले असते व रोज उघडले जाते. प्रभूच्या दिवशी ऊस असो की बागाईत, घरचे कर्ते माणूस हातपाय धुऊन मंदिराकडे निघते. ह्या गोष्टींस फार विद्या लागत नाही. ज्या आईला अक्षर येत नाही तिलाही त्या करता येतात, आणि तीमथ्याच्या घरी आजी लोईस व आई युनीके ह्यांनी जे केले (२ तीमथ्य १:५) ते ह्याहून फार निराळे नसावे.

५. आईबापांचा मान

आमच्या मंडळ्यांत ह्या आज्ञेची परीक्षा एका विशेष ठिकाणी होते. मूल शिकते, बारामतीच्या किंवा पुण्याच्या शाळेत जाते, आणि घरी अंगठा उठविणारा बाप आहे. मूल त्याचे उच्चार सुधारते, मित्र आले म्हणजे आईला आत जावयास सांगते. काही मुले धर्माचाही आधार घेतात : आजी अजून जेजुरीस जाते म्हणून तिच्याशी बोलणेच सोडतात. अशा मुलांस मार्काच्या सातव्या अध्यायातील परूशी दाखवावे. त्यांनी देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांचा वाटा बुडविला, आणि प्रभूने त्यांना ढोंगी म्हटले. देवाच्या मानाचे निमित्त करून आईबापांचा मान मोडणे प्रभूला मुळीच मान्य नाही.

ह्याविषयी आपल्याच पुणे जिल्ह्यात एक थोर उदाहरण आहे. दौंड तालुक्यातील केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई ह्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्मठ वैदिक ब्राह्मण होते. त्यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने पहाटे, घरच्या कामांपूर्वी, लहान रमाबाईला शिकविले. १८७४ च्या दुष्काळात रमाबाईंनी आईबाप दोन्ही गमावले. मरणाच्या वेळी अंध झालेल्या वडिलांनी मुलीला जवळ घेऊन देवाची सेवा करण्याची व चांगल्या मार्गाने चालण्याची आज्ञा दिली, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. आईची तिरडी उचलावयास पुरेशी माणसे मिळाली नाहीत, म्हणून रमाबाईने स्वतः खांदेकऱ्याचे काम केले. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८८७ साली हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. आईबापांची श्रद्धा त्यांनी सोडली होती. त्यांचा मान सोडला नव्हता. आपल्या श्रद्धेविषयी त्या पुण्याच्या टीकेपुढेही कधी लपून राहिल्या नाहीत. तेव्हा ज्या ख्रिस्ती मुलाला वाटते की, मूर्तिपूजक आजीच्या पाया पडलो किंवा तिचे औषधपाणी केले तर माझा विश्वास कमी होईल, त्याने केडगावाकडे पाहावे. आजी देवापुढे बसविली जात नाही. तिला आजीचे वजन दिले जाते.

बापांस येथे आणखी एक सांगणे आहे. तुमच्या मुलाने आईचा मान ठेवावा असे वाटत असेल तर प्रथम तुम्ही तिच्याशी कसे बोलता ते पाहा. पेत्र नवऱ्यांस सांगतो की, पत्नीला मान द्यावा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांस अडथळा येईल (१ पेत्र ३:७). घरात मार खाणाऱ्या आईचा मान मुले ठेवीत नाहीत, आणि मारणाऱ्या बापाचाही मनापासून ठेवीत नाहीत. ती फक्त आपल्या बळाची वाट पाहतात.

६. आपल्याहून दुबळ्याचा मान

मोठ्यांचा मान राखणे शिकविता येते. त्यात थोडे भय व थोडा लाभही असतो. मूल खरोखर मान शिकले आहे की नाही हे त्याच्याहून दुबळ्याशी ते कसे वागते ह्यावरून कळते.

आपल्या बारामती व इंदापूर तालुक्यांत दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, उसाच्या फडावर येतात, आणि कालव्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. त्यांची लहान मुले वाढ्यांच्या ढिगापाशी बसतात, मोठी मुले शाळा सोडून आलेली असतात. आमची मुले त्यांना काय म्हणतात? त्यांच्या म्हाताऱ्यास "अरे ए" म्हणून हाक मारतात काय? आपल्या आडावर किंवा नळावर त्यांचे बाईमाणूस हंडा घेऊन आले असता आपल्या घरचे कोणी तिला हटकते काय? ज्यांच्या पणजीला पाणवठ्यावर हटकले होते, त्यांच्या पणतूने दुसऱ्याला हटकावे, ह्यापेक्षा मोठा पराभव कोणता? याकोब म्हणतो की, ज्या जिभेने आपण देवाची स्तुती करतो त्याच जिभेने देवाच्या प्रतिरूपाचा मनुष्य शापावा, हे योग्य नव्हे (याकोब ३:९-१०). नाताळ नेमका ह्याच हंगामात येतो. प्रभूचा जन्म झाला तेव्हा त्याच्या आईबापांस उतारशाळेत जागा नव्हती आणि गोठ्यात ठेवावे लागले, हे सांगणारी मंडळी कोप्यांवर एकदाही जात नसेल, तर मुलांस नाताळ कळणार कसा?

आपल्या मराठी भाषेत 'तू' दोन प्रकारचा आहे. आईला आपण तू म्हणतो, आणि प्रार्थनेत देवालाही तू म्हणतो. तो जवळिकीचा तू आहे. परक्या गरिबाला म्हटलेला तू तुच्छतेचा आहे. मुलाला ह्या दोहोंतील भेद समजला पाहिजे. वयाने मोठ्या मजुरास, झाडूवाल्यास, भिकाऱ्यासही "अहो बाबा", "अहो मावशी" म्हणावे, ही सवय पाच वर्षांच्या मुलाला सहज लागते. पंधराव्या वर्षी ती लावणे कठीण.

सन १८५५ मध्ये ज्ञानोदय पत्रात मुक्ताबाई नावाच्या मुलीचा निबंध छापून आला. ती पुण्यात जोतीराव फुले ह्यांच्या शाळेत शिकणारी मांग जातीची विद्यार्थिनी होती, आणि आपल्या लोकांचे दुःख तिने निर्भयपणे लिहिले होते. ज्या मुलीला गाव बोलू देत नव्हता तिच्या शब्दाला एका वर्तमानपत्राने व एका शिक्षकाने वजन दिले, म्हणून तिचा शब्द आज १७० वर्षे जगला आहे. तसेच लक्ष्मीबाई टिळक ह्यांनी आपल्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात सांगितले आहे की, बाप्तिस्म्यापूर्वीच, एकट्याने विचार करून, जातिभेद माणसांनीच निर्माण केला आहे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. आपल्या मंडळीत दोन जातींतून आलेली कुटुंबे अजून सोयरीक करताना जुनी जात विचारीत असतील, तर मुले तेही ऐकत आहेत हे विसरू नये.

७. शेजाऱ्याच्या भक्तीविषयी

दर वर्षी ज्येष्ठ-आषाढात तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपुरास जाताना आपल्या बारामती व इंदापूर तालुक्यांतून जाते. काटेवाडीस परीट बांधव धोतरांच्या पायघड्या घालतात, धनगर आपली मेंढरे पालखीभोवती पळवितात. बेलवडीस गोल रिंगण होते. आमची मुलेही रस्त्याच्या कडेला उभी असतात. त्यांना काय सांगावे?

आपण एका जिवंत देवाची उपासना करतो व ती दुसऱ्या कोणास देत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. ह्यात गुळमुळीतपणा नसावा. परंतु त्याबरोबर हेही सांगावे की, उन्हातून चालणारा वारकरी मनुष्य आहे आणि तहानेला आहे, आणि त्याची थट्टा करणे हे ख्रिस्ती साक्षीचे काम नव्हे. पौल अथेनैत मूर्ती पाहून मनात संतापला, तरी बोलावयास उभा राहिला तेव्हा त्या लोकांच्या देवभक्तीपासूनच त्याने आरंभ केला (प्रे. कृ. १७). इफिसात त्याच्या साथीदारांविषयी नगरलेखकाने, जो ख्रिस्ती नव्हता त्याने, साक्ष दिली की, ह्यांनी आमच्या देवीची निंदा केलेली नाही (प्रे. कृ. १९:३७). आपल्या गावचा पाटील आपल्या मुलांविषयी अशी साक्ष देईल काय? कवी नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते सांगत, आणि अभंग व कीर्तन ह्यांस त्यांनी ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून दिले. ज्या पुलावरून मनुष्य आला त्यावर थुंकावे असे त्यांना वाटले नाही. काटेवाडीच्या परिटाकडूनही आमच्या मुलाने एक शिकावे : त्याच्याजवळ जे होते, म्हणजे त्याच्या धंद्यातील वस्त्र, तेच तो मान म्हणून अंथरतो. आपण आपल्या प्रभूपुढे आपल्या हातच्या कामातील काय अंथरतो?

८. मुलाचाही मान आहे

पौल मुलांस आज्ञापालन सांगून लागलीच बापांकडे वळतो व सांगतो की, मुलांस चिडवू नये, त्यांनी खचून जाऊ नये (इफिस ६:४, कलस्सै ३:२१). मुलाला काळ्या, ठोंब्या, रड्या अशी नावे ठेवू नयेत. देवाने शमुवेलाला त्याच्या नावाने हाक मारली. चार माणसांपुढे त्याच्या चुकीचे वाभाडे काढू नयेत. एकांतात घेऊन बोलावे. मुलीला कमी व मुलाला अधिक वाढू नये. शिक्षा करणे भाग पडले तर राग उतरल्यावर करावी, आणि का केली ते सांगावे. एलीसारखे आवरणे सोडून देऊ नये, परंतु आवरणे म्हणजे मारणे असेही समजू नये. ज्या मुलाला स्वतःचे वजन कधी कळले नाही ते दुसऱ्याचे वजन कसे ओळखणार?

९. शिक्षकांस सूचना

हा धडा एका रविवारी संपवू नये. दोन किंवा तीन रविवार घ्यावेत. पहिल्या रविवारी शमुवेलाची गोष्ट सांगावी व लहान मुलांकडून ती करून दाखवावी : एकाने डोळे मिटून एली व्हावे, दुसऱ्याने धावत यावे. दुसऱ्या रविवारी प्रत्येक मुलाने घरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्याच्या लहानपणाची एक गोष्ट विचारून यावे व वर्गात सांगावी. निरक्षर आजीजवळही शिकण्यासारखे आहे हे मुलांस ह्याने आपोआप कळते. तिसऱ्या रविवारी मोठ्या मुलांबरोबर शेजारच्या कोप्यांवर जावे, परंतु रिकाम्या हातांनी किंवा उपदेश करण्याच्या घाईने नव्हे. तेथील मुलांची नावे विचारावीत आणि पुढल्या भेटीपर्यंत लक्षात ठेवावीत. मुलांपुढे मंडळीच्या पंचांविषयी, पाळकाविषयी किंवा दुसऱ्या पंथाच्या बांधवांविषयी हलके बोलू नये. शिक्षकाने स्वतः वेळेवर येणे हा देवाच्या मानाचा पहिला धडा आहे.

वर्गासाठी प्रश्न

१. हफनी व फिनहास ह्यांच्या पापाने देवाशिवाय आणखी कोणाचे नुकसान झाले?
२. एलीने पुत्रांस बोल लावला, तरी देवाने त्याला दोष का दिला?
३. शमुवेल तीन वेळा कोणाकडे धावला? ह्यावरून आपण काय शिकतो?
४. लाचारी व मान ह्यांत भेद काय? आपल्या गावातील उदाहरण द्या.
५. ख्रिस्ती नसलेल्या आजीआजोबांचा मान आपण कोणकोणत्या रीतींनी राखू शकतो, आणि कोणती गोष्ट आपण करू शकत नाही?
६. ह्या आठवड्यात तुम्ही कोणाला हलके लेखले? त्याच्याकडे जाऊन काय कराल?

शेवटी आईबापांस एक इशारा व एक धीर. शमुवेल थोर संदेष्टा झाला, तरी त्याचे स्वतःचे पुत्र बैर-शेबा येथे न्यायाधीश असता लाच घेऊ लागले (८:१-३). तेव्हा चांगल्या बापाचे मूल आपोआप चांगले होते असे कोणी समजू नये. विश्वास हे वतन नव्हे की बापामागून मुलाच्या नावावर चढावे. प्रत्येक पिढीला ते नव्याने शिकवावे लागते व प्रत्येक मुलाने स्वतः उत्तर द्यावे लागते. परंतु धीर ह्याचा की, ज्या रात्री एलीच्या घराचा दिवा मंद झाला होता त्याच रात्री देवाने एका मुलाला हाक मारली. तो अजून मुलांना नावाने हाक मारतो. आपण आपल्या घरी त्यांचे कान तयार करावेत, आणि हाक मारण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. प्रभू आपल्या सर्व घरांस ह्या कामी साहाय्य करो.